पीसीओएस: पाळीची गोळी दिली, साखर कोणी बघायची?

सायली_म
भाची २४ वर्षांची, तिला पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून अंडाशयाचं काम विस्कटणारा विकार. तीन-तीन महिने पाळी नाही, हनुवटीवर राठ केस. सोनोग्राफीत 'पॉलिसिस्टिक' आलं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भनिरोधक गोळ्या हातात पडल्या. साखर, लिपिड काही तपासलं नाही. आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, मधुमेह आहे हेही कुणी विचारलं नाही. मानेवर काळपट, मखमली पट्टा आहे. घरी बेसन लावून तो घासणं चालू! अहो, तो मळ नाही. बहुतेकदा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते ती. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं) बनवायला लावतं, वर यकृतात बनणारं एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) घटवतं. मग रक्तात मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढणारच. दुखणं चयापचयाचं आणि आपण पाळीच्या तारखा सांभाळत बसतो.

चिंचगूळ
असहमत. सगळं इन्सुलिनवर ढकलू नका. अनेकींमध्ये एलएच हे पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरकही वाढलेलं असतं, तेही अँड्रोजन वाढवतं. गोळी एलएच दाबते आणि तुम्ही म्हणता तेच एसएचबीजी वाढवते, म्हणून केस-पुरळ कमी होतात. आणि पाळीच्या तारखा क्षुल्लक नाहीत हो. अंडं सुटत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो.

अर्धाकप
दोघींनाही एक सांगते. 'इन्सुलिन' म्हटलं की पुढचं वाक्य 'वजन कमी करा' हेच येतं. माझं वजन ५१ किलो, तरी ऐकलंय! आता काय कमी करू, हाडं? उपाशीपोटीची साखर नॉर्मल होती. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते गोड पाणी पिऊन दोन तास बाकावर बसले, तेव्हा आकडा चढलेला दिसला. बारीक बायकांतही इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही.

सायली_म
@अर्धाकप, हेच तर म्हणतेय! @चिंचगूळ, गोळी बंद करा असं मी कुठे लिहिलंय? पण इस्ट्रोजेनवाली गोळी सुरू करण्याआधी बीपी तरी मोजायचं ना? पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात.

चिंचगूळ
बीपीचं मान्य, त्याला सबब नाही. पण हा धागा वाचून उद्या कोणी गोळी सोडून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध मागायला जाईल. ते साखरेसाठी चांगलं. हनुवटीच्या केसांवर फारशी आशा ठेवू नका. अंडं सुटायला हवं असेल तर पहिलं औषध सहसा लेट्रोझोल.

रानफूल
जवस-तीळ खाऊन माझी पाळी महिन्यात आली.

चिंचगूळ
@रानफूल, पीसीओएसमध्ये ती मधूनच आपणहून येतेही. जवस खा, पण श्रेय जपून द्या. बाकी साखरेची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांनीच करावी हा हट्ट मला पटत नाही. फिजिशियन कशाला असतात?

सायली_म
कोणाकडे जायचं ते भाचीला कोण सांगणार? चिठ्ठीवर एक ओळ लिहायला काय हरकत होती?