सामन्याच्या दिवसासाठी थंड चीज डिप: गुठळ्या आणि सुटणारे पाणी कसे टाळावे?

निळाई
येत्या रविवारी अंतिम सामना पाहण्यासाठी दहा-बारा जण घरी येणार आहेत. सामना रंगात आला असताना मला स्वयंपाकघरात अडकून पडायचे नाही, म्हणून गरम करावे न लागणारे आणि आदल्या दिवशी करून ठेवता येईल असे, चिप्स बुडवून खायचे चीज डिप करण्याचे ठरवले आहे. मागच्या वेळी फ्रिजमधून काढलेले क्रीम चीज लगेच सावर क्रीममध्ये (आंबवलेल्या घट्ट सायीत) घालून फेटले, तर त्यात वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहिल्या आणि कितीही फेटले तरी त्या मोडल्या नाहीत. चिरलेला टोमॅटो आणि काकडी घालून ते रात्रभर ठेवले, तेव्हा सकाळी वर पाणी तरंगत होते. माझे नेमके काय चुकले आणि एवढ्या माणसांसाठी प्रमाण काय घ्यावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

पानगळ
आपले दोन्ही प्रश्न क्रमाशी निगडित आहेत. क्रीम चीज थंड असताना त्यातील स्निग्धांश घट्ट असतो, आणि त्यात पातळ पदार्थ पडला की गुठळ्या त्या पातळ मिश्रणात नुसत्या फिरत राहतात, कारण त्यांना चिरडण्याइतका दाबच त्यांच्यावर पडत नाही. म्हणून क्रीम चीज अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावे, बोट दाबल्यावर सहज खळगा पडला की आधी ते एकटेच लोण्यासारखे मऊ होईपर्यंत फेटावे, आणि मगच सावर क्रीम तीन-चार वेळा थोडे थोडे घालून एकजीव करावे.

दहा-बारा जणांसाठी मी ४५० ग्रॅम क्रीम चीज, २४० मिली सावर क्रीम आणि साधारण २५० ग्रॅम किसलेले चेडर चीज घेते. चेडर जुने आणि तीव्र चवीचे असावे, कारण थंड पदार्थात सौम्य चीजची चव जाणवतच नाही. ते घरीच, बारीक बाजूने किसावे. पाकिटातल्या तयार किसाला तो एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते. गरम सॉसमध्ये ते एक वेळ खपून जाते, पण येथे चीज वितळणारच नसल्याने तो कोरडा, पिठूळ स्पर्श जिभेला तसाच लागतो. किसलेले चीज शेवटी घालून चमच्याने हलक्या हाताने मिसळावे, पुन्हा यंत्राने फेटू नये.

पाण्याचे म्हणाल, तर टोमॅटो आणि काकडी डिपमध्ये घालूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मीठ लागले की त्यांना पाणी सुटतेच. फारच हवी असतील तर बिया काढून, मीठ लावून, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळून आणि अगदी वाढतेवेळी वरून पसरावीत. कांद्याची पात, बारीक चिरलेली ढोबळी मिरची किंवा निथळून कोरडी केलेली लोणच्यातली हलापिनो मिरची मात्र चांगली टिकते.

उंबरठा
वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, त्यात फक्त चवीविषयी भर घालतो. गारव्यामुळे चव मंदावते, त्यामुळे फेटताना अचूक वाटलेले मीठ दोन तासांनी कमी वाटते. याउलट चेडर स्वतःच खारट असल्याने मीठ आधीच सढळ हाताने घातले तर ते परत काढता येत नाही. तेव्हा मीठ आणि लिंबाचा रस यांचा अंतिम निर्णय डिप थंड झाल्यावर, आणि तोही ज्या चिप्सबरोबर ते खायचे आहे त्या खारट चिप्सबरोबर चाखूनच घ्यावा. आदल्या दिवशी करणार असाल तर कच्च्या लसणाऐवजी लसणाची पूड वापरावी, कारण कच्च्या लसणाचा उग्रपणा रात्रभरात सगळ्या डिपमध्ये पसरतो, तर पुडीला ओलावा शोषून चव सोडण्यासाठी हा वेळ हवाच असतो.

निळाई
आपणा दोघांचे मनापासून आभार. रात्रभर फ्रिजमध्ये राहून डिप इतके घट्ट झाले की चिप्स तुटू लागल्या, तर काय करावे? सामना तीन तासांहून अधिक चालेल, तोवर ते बाहेर ठेवले तर चालेल का? उरलेले डिप फ्रीझरमध्ये ठेवता येते का?

पानगळ
वाढण्याच्या वीस मिनिटे आधी बाहेर काढावे आणि तरीही घट्ट वाटले तर एकेक चमचा दूध घालून ढवळावे. एकदम अर्धी वाटी ओतू नये.

बाहेर ठेवण्याबाबत मात्र काटेकोर राहावे. दुधाचे पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नयेत, आणि तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. मी डिप दोन लहान भांड्यांत विभागते. एक बर्फ भरलेल्या पसरट भांड्यात बसवून मांडते आणि दुसरे मध्यंतरापर्यंत फ्रिजमध्ये असते. मध्यंतरात पहिले भांडे उचलून दुसरे मांडावे, जुन्यावर नवीन डिप ओतू नये.

फ्रीझरमध्ये ठेवू नये. वितळताना त्यातील पाणी वेगळे होते आणि डिप रवाळ बनते. फ्रिजमध्येच राहिलेला, कोणी चिप्स न बुडवलेला भाग झाकून ठेवल्यास तीन-चार दिवस चांगला राहतो.