शाळेची सहल आणि प्राणिसंग्रहालय : तुमचे अनुभव लिहा

डिसेंबर उजाडला की वर्गाच्या ग्रुपवर संमतीपत्र येऊन पडतं. 'शैक्षणिक सहल : प्राणिसंग्रहालय. सोबत डबा, पाण्याची बाटली, टोपी. मौल्यवान वस्तू आणू नयेत.' मुलं संध्याकाळी घरी येतात आणि बसमध्ये कोण ओकलं, माकडानं कुणाची टोपी पळवली एवढंच सांगतात. यातलं 'शैक्षणिक' नक्की कुठे असतं, हा माझा जुनाच प्रश्न. शिक्षक म्हणून, पालक म्हणून, किंवा लहानपणी रांगेत उभं राहून जे पाहिलं ते लिहा. सहलीच्या निबंधासारखं 'खूप मजा आली' नको, घडलं तसं लिहा.

निवृत्त शिक्षिका, गिरगाव

आमची सहल म्हणजे राणीची बाग, दुसरं काही नाहीच. बाग 1862 सालची. मधली काही वर्षं तिथे वाघही नव्हता आणि सिंहही. 'बाई, सिंह कुठंय?' या प्रश्नाला उत्तर काय देणार? मग मी वर्गाला सरळ गोरखचिंचेपाशी न्यायची. मुलांनी हात धरून बुंध्याला वेढा घालायचा, किती जण लागतात ते मोजायचं. ही बाग आधी झाडांची आहे, हे पुष्कळ मुंबईकरांनाही ठाऊक नसतं.

तिथून घारापुरीच्या दगडी हत्तीकडे. ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव पडलं, तोच हा. 1864 मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून त्याला इथे उभा केला. 'सांधे शोधा' म्हटलं की पोरं अर्धा तास गप्प. जिवंत हत्तीसमोर सुद्धा एवढी शांतता मला मिळालेली नाही!

आता नातवंडांबरोबर जाते. 2017 पासून पेंग्विन बघता येतात, काचेसमोरून कुणी हलत नाही. हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलेच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत, असं सांगितलं की मुलांचा चेहरा पडतो. कार्टूननं करून ठेवलंय सगळं.

पालक, पुणे

आमच्या वेळी पेशवे पार्क. पांढरा वाघ आणि फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी, त्यातही फुलराणी जास्त. पुढे प्राणी कात्रजला गेले, आगगाडी तिथेच राहिली. मुलीच्या वर्गाबरोबर कात्रजला गेलो होतो. जागा ऐसपैस आहे, प्राण्यांसाठी चांगलंच, पण दुसरीतल्या पायांना फार. शाळेनं पोचायची वेळ ठेवली होती भर दुपारची. त्या वेळी कुठलाही शहाणा वाघ सावलीत आडवा पडलेला असतो. गवतातून दिसला फक्त एक कान. 'बाबा, कान हलला!' एवढ्यावर ती खूश होती, मीच उगाच वैतागलो होतो.

शाळांना एकच विनंती : दार उघडताना पोचा.

जिल्हा परिषद शिक्षक, माण तालुका

आमच्या पोरांना प्राणी दाखवायला नेणं हेच मुळात विनोदी. मोर वर्गाच्या पत्र्यावर येतो, कोल्हा उसातून जाताना दिसतो, साप तर घरातलाच. तरी एसटीची सवलतीची बस मिळाली, पालकांनी पैसे भरले, निघालो.

शहरातल्या एका शाळेचा वर्ग पुढे होता. चितळांच्या कुंपणाशी थांबून, 'हाऊ क्यूट' वगैरे करून पुढे सरकला. आमचा सहावीतला एक मुलगा तिथेच जाळीला चिकटून उभा. घरी मेंढरं, वर्षातले काही महिने शाळा बुडवून बापाबरोबर रानात. मी म्हटलं, 'चल रे.' तर म्हणतो, 'गुरुजी, त्या कडंच्या हरणाची खुरं वाढल्यात. फेंगडं चालतंय बघा.' वाकून पाहिलं तर खरंच, पुढच्या पायाची नखं लांब होऊन वर वळलेली. 'आमच्या मेंढ्यांची रानात दगडावर घासून जात्यात. हितं समदी मऊ माती हाय. बा तर कात्रीनं कापतो.'

तेवढ्यात तिथले कर्मचारी आले, त्यांना त्यानं हेच सांगितलं. ते त्याच्याकडे बघतच राहिले. मग दोघांची जी चर्चा सुरू झाली, मेंढीला कसं धरतात, हरणाला तसं धरता येत नाही, ते घाबरूनच जीव सोडतं, तिला माझी सगळी मुलं गोळा झाली. पाठ्यपुस्तकात 'अनुकूलन' नावाचा धडा आहे. त्या दिवशी तो मी शिकवला नाही.

शिंगांवरून पण वाद झाला. चितळाची दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची जन्मभर तीच, हे पोरांना आधी पटेना. बोकडाची कुठं गळतात?

प्राणिसंग्रहालयात काम केलेल्याचा मुलगा

वडील पिंजऱ्यांकडे होते, गाव सांगत नाही. त्यांच्या तोंडी 'सहलीचा सीझन' हे शब्द शिवीसारखे यायचे. सगळ्यात हाल मगरीचे. मगर ऊन खात तोंड उघडं ठेवून तासन्‌तास दगडासारखी पडते. 'काका, ही खरी आहे का?' असा प्रश्न दिवसातून कितीदा यायचा कोण जाणे. आणि खात्री करून घ्यायला खडे, नाणी! ती पोटात जातात. प्राण्याला डिवचणं, खायला घालणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पाटीही असते, पण पाटीच्या खालीच शिक्षक वेफर्स वाटत असतात.

तरी एक सांगतो, पोरं जितकी लहान तितकी ऐकतात, असं वडील म्हणायचे. त्रास कॉलेजवाल्यांचा.

विज्ञान शिक्षिका, नागपूर

महाराजबागेत मी एकच नियम करते : प्रत्येक गटानं एकच प्राणी घ्यायचा आणि त्याच्यासमोर बसून दिसेल ते लिहायचं. 'वाघ हा हिंस्र प्राणी आहे' असलं लिहिलं की कागद परत. एका गटानं बिबट्याच्या फेऱ्या मोजल्या. त्याच कोपऱ्यात वळायचं, तोच पाय आधी टाकायचा, परत तसंच. आठवीतल्या मुलीनं शेवटी लिहिलं, 'मॅडम, याला कंटाळा आला असेल का?' कोंडलेल्या प्राण्यांत हे येरझाऱ्या घालणं सर्रास दिसतं, त्यावर पुढचे दोन तास वर्गात बोललो. काही पालकांची तक्रार आली की मुलांना हत्ती-घोडे काही दाखवलंच नाही, पैसे वाया.

गोरेवाड्याची सफारी 2021 मध्ये सुरू झाल्यापासून मुलांचा ओढा तिकडे. बसमधून छान दिसतं, पण वही काढायला वेळ मिळत नाही.

न्यू जर्सीहून

इथे फील्ड ट्रिपला पालकांना मदतनीस म्हणून बोलावतात. माझ्याकडे पाच मुलं सोपवली, ब्राँक्स झू. सूचनापत्रात सगळ्यात ठळक काय, तर शेंगदाणे नकोत, वर्गात ॲलर्जी आहे. माझ्या डोक्यात साबुदाण्याच्या खिचडीचा बेत शिजत होता, तो तिथेच बारगळला. मुलांनी जिराफ, गोरिला बघितले, पण बाकासमोर आलेल्या खारीनं सगळ्यांना हरवलं.

पालक, बडोदा

आमच्याकडे कमाटी बाग, सयाजीरावांनी 1879 मध्ये केलेली. चार पिढ्या तिथेच सहलीला. फार वेगळं काही नाही, माकडं आणि टोप्या इथेही तशाच.

पालक, ठाणे

वरचं सगळं वाचून मुलाच्या शाळेला कळवलं : राणीची बाग, सकाळी लवकर, गट पाडून. उत्तर आलं की बस फक्त बुधवारची मिळाली आहे. बुधवारी बाग बंद असते हे त्यांना कुणी सांगायचं, यावर आता पालकांच्या ग्रुपवर चर्चा चालू आहे.