मदत हवी: परदेशातून एकच नग मागवला तर ड्युटी दुकानदारापेक्षा जास्त का?

नमस्कार मंडळी,

अमावास्येच्या आसपास शनिवारची शेवटची कर्जत लोकल पकडून वांगणीला आकाश बघायला जाणाऱ्यांपैकी मी एक. राहायला भांडुपला, नोकरी साधीच.

२०२३ मध्ये जर्मनीहून दुर्बिणीचा एक आयपीस (डोळा लावतो ते भिंग) मागवला होता. लिमलेटच्या बरणीच्या झाकणाएवढी वस्तू! किंमत १५,००० रुपये, पाठवणी आणि विमा २,५००. कुरिअरवाला दारात आला तो १३,५२४ रुपयांची ड्युटी घेऊनच. वर त्यांची "ड्युटी आगाऊ भरल्याची" फी आणि त्या फीवर जीएसटी, तो वेगळा. बायको दारातच उभी होती, त्यामुळे पुढचं लिहीत नाही.

कागद अजून खोक्याला चिकटवलेला आहे. हिशोब असा: १७,५०० वर ३५ टक्के मूळ ड्युटी, त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज, आणि या सगळ्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). एकूण ७७.२८ टक्के. म्हणजे पाठवणीच्या खर्चावरही कर आणि करावरही कर.

फोर्टमधल्या ओळखीच्या दुकानदाराला दाखवलं तर तो हसला. तो हीच वस्तू कस्टमच्या दरपत्रकातल्या भिंगाच्या शीर्षकाखाली आणतो, त्या वस्तूचा जो दर असेल तो भरतो, आणि भरलेला आयजीएसटी पुढे विक्रीच्या करातून वळता करून घेतो. मला मात्र "वैयक्तिक वापराच्या वस्तू" या एकाच गठ्ठ्यात टाकलं. भिंग असो की बाहुली, दर एकच. त्याचंही म्हणणं ऐकून घेतलं: माल विकेपर्यंत पैसे अडकतात, वॉरंटी द्यावी लागते, एका नगासाठी कोण धावपळ करणार? "दहा पीस घे, आणतो," म्हणाला. दहा आयपीस घेऊन मी काय भेळेचा ठेला लावू?

आता दुसरा हवा आहे. प्रश्न:

१. मीच आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढून दुकानदाराच्या दराने मागवला तर चालेल का?
२. मेहुणा तिकडेच असतो. म्हणतो, "दाजी, गिफ्ट लिहून पाठवतो." चालतं का?
३. जुन्या बिलावर आता दाद मागता येईल का?

प्रतिसाद १

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्यातच लोक फसतात. गिफ्टची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर गिफ्टलाही ड्युटी आहे. मेहुण्याला फक्त खरी किंमत लिहायला सांगा.

आयईसी पॅनवर ५०० रुपयांत मिळतो, पण स्वतःच्या वापराची वस्तू धंद्याची म्हणून दाखवणं म्हणजे खोटं डिक्लेरेशन. कर वळता करायला तर जीएसटी नोंदणी आणि धंद्यातला वापर दोन्ही लागतात. "मग मला भिंगाचा दर लावा," असंही म्हणता येत नाही. वैयक्तिक वापराच्या वस्तू कस्टम टॅरिफच्या (दरपत्रकाच्या) ९८व्या प्रकरणात येतात, आणि त्याची पहिलीच टीप आहे की दुसरीकडे जास्त नेमकं शीर्षक असलं तरी हेच प्रकरण लागू.

अपिलाची मुदत ६० दिवस, सबळ कारण दिलंत तर आणखी ३०. तुमचा कागद खोक्यावरच राहू द्या.

पण आता दर तो राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ पासून या गठ्ठ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. मूळ ड्युटी आधी ३५ वरून २० झाली, आणि २०२६ च्या बजेटात २० वरून १०. सरचार्ज बाजूला ठेवला तर तुमच्या १७,५०० वर साधारण ५,२१५ होतात. ज्या मालाचा स्वतःचा दर १० हून जास्त आहे, तिथे तर आता घरगुती गिऱ्हाईकच दुकानदाराच्या पुढे.

धागाकर्ता

धन्यवाद दादा! म्हणजे तीन वर्षं थांबलो असतो तर आठ हजार वाचले असते. शनी मात्र थांबला नसता, त्याची कडी २०२५ मध्ये जवळजवळ दिसेनाशीच झाली होती.

तरी एक खुपतंच. दर समान झाला तरी दुकानदाराचा जीएसटी वळता होतो, माझा नाही. पण मग वाटतं, त्याच्याकडून घेतला असता तरी बिलात तो माझ्याच खिशातून गेला असता. इथे माझं भांडण जरा लंगडं पडतंय, कबूल.

नव्या दरानंतर कुणी बॅलार्ड पियरच्या विदेशी डाक भवनामार्फत, म्हणजे पोस्टाने, काही मागवलं असेल तर पावतीचा फोटो टाका ना. कुरिअरची फी तरी वाचते का ते बघायचंय.