तांड्याच्या शाळेला अनुभवी गुरुजी कामून नकोत?

किनवटकर
काल इथं एका सरांनी लिहिलं : 53 पार केलेल्या शिक्षकांना तालुक्याजवळचीच शाळा द्या, तांड्यावर नवी पोरं पाठवा, त्यांच्यात दम असतो. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

आमच्या तांड्यावरची शाळा दोनशिक्षकी. दर बदल्यांत मुरलेला माणूस खाली उतरतो, शिक्षणसेवक म्हणजे मानधनावरचा नवा गुरुजी वर येतो. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या पहिलीच्या लेकराला मराठी वाचायला शिकवणं हे सगळ्यात अवघड काम. ते आपण ज्याला अजून वर्ग सांभाळायची सवय नाही त्याच्या गळ्यात घालतो. त्याला आमची बोली कळायला लागते तोवर तोही बदलीच्या यादीत. 53 पार केल्यावर बदलीत सवलत मागायचा तो संवर्ग 1 चा अर्ज भरताना या लेकरांचा कोण विचार करतो?

बीडची बाई
भाऊ, मी करते. वय 51, नोकरी 27 वर्षं, त्यातली 14 बालाघाटाच्या डोंगरात. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला फडावर जायचा. आज्यांच्या हातापाया पडून हंगामी वसतिगृहासाठी लेकरं मागं ठेवून घेतली. आता गुडघे गेलेत. त्यात 1 सप्टेंबर 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल : पाच वर्षांहून जास्त सेवा उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हा, नाहीतर घरी बसा. मी लागले तेव्हा ही परीक्षाच नव्हती. अनुभवाची किंमत ही असेल तर तांड्यावर कोण येईल?

परभणीचा पालक
परीक्षेला एवढं काय घाबरता? लेकरांच्या तर रोज घेता. खरं दुखणं मुख्यालयाचं, म्हणजे शाळेच्या गावीच राहण्याचं आहे. घरभाडं भत्ता उचलायचा आणि राहायचं शहरात. आमच्या गावची शाळा गुरुजींची एसटी आली की भरते. माझी पोरगी पायरीवर दप्तर घेऊन बसलेली असते, पावसातसुद्धा.

बीडची बाई
आला तो मुद्दा! गावात बाईमाणसाला भाड्यानं खोली मिळते का, ते आधी सांगा. एका वस्तीवर मला जनावरांच्या गोठ्याला लागून खोली दिली होती. संडास नाही, पहाटे अंधारात डबा घेऊन जायचं. दोन वर्षं काढली. एका रात्री दारावर धोंडे आले, तेव्हा सामान उचललं. तुमच्या पोरीला तिथं ठेवाल?

परभणीचा पालक
दारावर धोंडे आले ते वाईटच, त्याला माझी ना नाही. पण आमच्या गावात खोली आहे, संडास आहे, दोन पुरुष गुरुजी आहेत. ते का राहत नाहीत? पगार आमच्याच करातून जातो ना?

लातूरचा शिक्षणसेवक
‘दम असतो’ यावर बोलायचं राहूनच गेलं. मानधन 16,000. खोलीचं भाडं, पेट्रोल, गावी आईची औषधं. तीन वर्षं असंच. वर्गात पहिली ते चौथी एकत्र. पहिल्या वर्षी पहिलीतल्या सहा लेकरांना मी अक्षरओळखसुद्धा नीट देऊ शकलो नाही, हे कबूल करतो. शेजारी एखादा जुना माणूस असता तर त्या लेकरांचं वर्ष गेलं नसतं.

आणि हिशोब बघा. निवृत्ती 58 ला. म्हणजे 53 च्या पुढं बदलीत सूट आणि टीईटीतही सूट, फक्त बढती हवी असेल तर परीक्षा. बाईंसारखे पन्नाशीतले दोन्हीकडून सापडले.

किनवटकर
बाई, तुमची 14 वर्षं मान्य. तुमच्यावर बोट ठेवायचं नव्हतं, तरी शब्द तसे गेले. पण तुमच्यासारख्या किती? सूट काढा असं मी आता म्हणत नाही. शाळेशेजारी दोन खोल्या आणि संडास बांधा, अवघड क्षेत्रात स्वखुशीनं राहणाऱ्या जुन्या शिक्षकाला जादा भत्ता द्या, त्याच्या हाताखाली शिक्षणसेवक द्या. मग नाही म्हणणाऱ्याला विचारू.

बीडची बाई
मी तुमच्याकडं यायचं म्हटलं तरी आंतरजिल्हा बदलीत सेवाज्येष्ठता शून्य होते. आधी ते बदला. माझ्या जिल्ह्यात अशी खोली दिली तर गुडघ्यांसकट अर्ज करते.

परभणीचा पालक
16,000 चं मला ठाऊक नव्हतं. शिक्षणसेवक पोरांच्या घरभाड्याबद्दल मी बोलणार नाही. आमच्या गावच्या दोन गुरुजींबद्दल मात्र ग्रामसभेत विषय घेणारच. सोमवारी शाळा भरायच्या वेळेला मी फाटकावर उभा आहे.