बाळाला अंडे खाल्ल्यावर आलेली पहिली ॲलर्जी : तज्ज्ञांची भेट होईपर्यंत काय करावे?

निशिगंधा :
आमचा मुलगा दहा महिन्यांचा आहे. तान्हेपणापासून त्याच्या गालांवर आणि कोपराच्या घडीत इसब आहे, तो मलमाने आटोक्यात राहतो. अलीकडे त्याला प्रथमच मऊसर परतलेले अंडे भरवले. तीन-चार घास झाल्यावर दहा मिनिटांच्या आत त्याच्या हनुवटीवर लाल ठिपके आले, पाहता पाहता मानेवर आणि पोटावर फुगीर गांधी उठल्या, एक पापणी सुजून डोळा अर्धा मिटला आणि खाल्लेले सगळे त्याने एकदा ओकून टाकले. तो रडत होता, परंतु आवाज नेहमीचाच होता आणि त्याला धाप लागलेली नव्हती. डॉक्टरांनी तपासून सेटिरिझिन हे ॲलर्जीवरचे औषध दिले, काही तास नजरेखाली ठेवले आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. ती भेट मिळायला अजून अवकाश आहे.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, याच मुलाने अंडे घातलेला केक यापूर्वी खाल्ला आहे आणि त्याला काहीही झाले नव्हते. त्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की ही ॲलर्जी नसावी. अंडे थोडे थोडे देऊन सवय करावी. मला ते पटत नाही. पण मग नेमके किती पदार्थ बंद करायचे, हेही कळत नाही. दूध आणि गहू तो रोज खातो. शेंगदाणा अद्याप दिलेला नाही आणि आता तर द्यायला हात धजावत नाही. तज्ज्ञांची भेट होईपर्यंतच्या काळात आम्ही काय सांभाळावे?

पाऊलखुणा :
निशिगंधाताई, आपण इथे लिहिले आहे तेच सविस्तर कागदावर उतरवून ठेवावे. आमच्या मुलीला काजूची ॲलर्जी निघाली, तेव्हा तज्ज्ञांनी कोणतीही चाचणी करण्याआधी बराच वेळ केवळ हकिगत विचारली होती. पदार्थ किती पोटात गेला, तो कितपत शिजलेला होता, पहिले लक्षण किती मिनिटांनी दिसले, त्या दिवशी ताप होता का, त्याच वेळी दुसरे काही नवीन खाल्ले होते का, औषध किती वाजता दिले आणि गांधी कधी मावळल्या, असे ते प्रश्न होते. छायाचित्रे काढली असतील तर तीही जपून ठेवा. गांधींचा स्वभावच असा, की एक मावळते तोवर दुसरीकडे नवीन उठते आणि दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत त्वचा कोरी झालेली असते. मग आपण कितीही कळवळून सांगितले तरी त्या शब्दांना फारसे वजन राहत नाही.

‘सवय करण्याचा’ प्रयोग घरी मुळीच करू नका. वडीलधाऱ्यांना समजावणे अवघड जाते, याची मला पूर्ण कल्पना आहे. आमच्याकडे डॉक्टरांनी आजी-आजोबांना समोर बसवून दोन वाक्ये सांगितली, तेव्हा तो विषय मिटला.

रोखठोक :
माझे मत थोडे निराळे आहे. एकदा असा प्रकार झाला म्हणजे अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, मासे, तीळ हे सगळेच मूल तीन वर्षांचे होईपर्यंत बंद ठेवावे. माझ्या भाच्याच्या वेळी आम्हाला असेच सांगण्यात आले होते. शिवाय रक्ताची मोठी चाचणी, ज्यात एकाच नमुन्यात अनेक पदार्थ तपासतात, ती करून घ्यावी, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागतो. विषाची परीक्षा कोण घेणार?

बालवैद्य :
मी बालरोगतज्ज्ञ आहे. मूल न पाहता निदान करता येत नाही, हे गृहीत धरूनच पुढील मजकूर वाचावा.

रोखठोक यांनी दिलेला सल्ला एके काळी अधिकृत होता. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संस्थेने २००० साली, ॲलर्जीची जोखीम असलेल्या बालकांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत असे सुचवले होते. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ अभ्यासाने तर चित्रच उलटे केले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिने वयाची ६४० बालके त्यात होती. ज्यांना शेंगदाण्यापासून दूर ठेवले, त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी आढळली. ज्यांना तो नियमित खाऊ घातला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. मात्र यावरून कोणी आजच चमचाभर पीनट बटर भरवू नये. आपल्या बाळाला इसब आहे आणि अंड्याला प्रतिक्रियाही आली आहे, म्हणजे ज्या गटात शेंगदाणा सुरू करण्यापूर्वी तपासणी करतात त्याच गटात तो मोडतो. भेट लवकर मिळावी म्हणून पाठपुरावा करा आणि ‘शेंगदाणा कधी आणि कसा सुरू करायचा’ हा प्रश्न तिथे आवर्जून विचारा. दूध आणि गहू तो निर्वेधपणे खात असेल, तर ते थांबवू नका. पचणारा पदार्थ उगाच दीर्घकाळ बंद केला, तर पुढे त्याचीच ॲलर्जी उद्भवू शकते.

केकचे कोडे तसे सोपे आहे. पिठात मिसळून भट्टीत बराच वेळ भाजल्याने अंड्यातील काही प्रथिनांची घडण बदलते आणि ती शरीराला पूर्वीसारखी ओळखू येत नाहीत. अंड्याची ॲलर्जी असलेली बहुसंख्य मुले असे भाजलेले अंडे सहन करतात, परंतु त्यांनाच मऊ परतलेले अंडे सोसत नाही. म्हणून केक पचला, यावरून ॲलर्जी नाही असे सिद्ध होत नाही. तो तसाच चालू ठेवता येतो का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. बहुधा होकारच मिळेल. आणि ‘पहिल्यांदाच खाल्ले तर ॲलर्जी कशी’ असेही कोणी विचारेल. इसबामुळे त्वचा भेगाळलेली असते आणि घरातल्या हवेत, हातांवर असलेले अन्नाचे कण तिच्यातून आत जाऊन शरीर आधीच सावध झालेले असू शकते.

मोठ्या चाचणीच्या मी पूर्णपणे विरोधात आहे. रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी संबंधित) प्रतिपिंडे किंवा त्वचेवरील टोचणीची चाचणी एवढेच सांगते, की शरीर त्या पदार्थाला ओळखते. तो खाल्ल्यावर त्रास होईलच, असे त्यातून ठरत नाही. हकिगतीत ज्याचा संशय आहे तेवढाच पदार्थ तपासावा. सरसकट वीस पदार्थ तपासले, की त्यांतील काही विनाकारण ‘पॉझिटिव्ह’ येतात आणि मूल निरोगी अन्नाला मुकते. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांना तर अन्नाच्या ॲलर्जीत काहीच अर्थ नाही. टोचणीची चाचणी ठरली असेल, तर सेटिरिझिन किती दिवस आधी थांबवायचे हे विचारून ठेवा, कारण त्या औषधामुळे निकाल दबतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पहिली प्रतिक्रिया सौम्य होती, म्हणून पुढचीही सौम्यच असेल असे धरून चालता येत नाही. तान्ह्या मुलाला घसा आवळतो आहे असे सांगता येत नाही. ते आपल्याला पाहून ओळखावे लागते. रडणे घोगरे होणे, खोकला न थांबणे, अचानक लाळ गळू लागणे, छातीत घरघर, ओठ पांढरे पडणे, अंग सैल पडून मूल गुंगल्यासारखे होणे, किंवा गांधींबरोबर पुन्हा पुन्हा उलट्या होणे, यांपैकी काहीही दिसले तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, समजावा. त्यावर पहिला उपचार ॲड्रेनलिन हाच. ते मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूस, स्नायूत टोचतात आणि मात्रा वजनावरून ठरते. सेटिरिझिन खाज आणि गांधी कमी करते, श्वास मोकळा करत नाही. म्हणून ते पाजून वाट पाहत बसू नये. मुलाला आडवे ठेवून तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी आणि त्याला उभे धरून फिरवू नये. घरी ॲड्रेनलिन ठेवण्याची गरज आहे का आणि असल्यास ते कोणत्या रूपात, हे तज्ज्ञांच्या भेटीची वाट न पाहता आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच विचारा. प्रतिक्रिया आली तर काय करायचे, याची लेखी कृतियोजना मागून घ्या. बाळाला जो कोणी सांभाळतो, त्या प्रत्येकाकडे तिची प्रत असावी.

निशिगंधा :
मनापासून आभार. केकचा उलगडा घरात वाचून दाखवला आणि ‘सवय करण्याचा’ आग्रह निदान तूर्त तरी थांबला आहे. आणखी एक शंका विचारते. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस लवकरच द्यायची आहे, आणि त्या लशीत अंडे असते असे एका नातेवाइकांनी सांगितले. ती पुढे ढकलावी का?

बालवैद्य :
ढकलू नये. काही लशींमधील विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवलेले असतात, त्यावरून हा समज पसरला आहे. प्रत्यक्षात त्यात अंड्याचे प्रथिन नगण्य असते आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांनाही ही लस नेहमीप्रमाणे देतात. वेगळा विचार करावा लागतो तो पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा, कारण ती थेट अंड्यांत वाढवतात. ती देण्याचा प्रसंग आला, तर आधी तज्ज्ञांशी बोलावे. लस देणाऱ्यांना अंड्याच्या प्रतिक्रियेची कल्पना मात्र द्या आणि टोचल्यानंतर नेहमीप्रमाणे थोडा वेळ तिथेच थांबा.