सरकारी रान, खासगी गुरं: कोर्टकचेरीने कुरण वाचतं का?

ओढ्याकाठी:
अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारची अफाट जमीन आहे आणि तिच्यावर खासगी गुरं चरतात. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या एका खात्याच्याच साधारण १५.५ कोटी एकरांवर चराईचे परवाने आहेत. एक गाय नि तिचं वासरू महिनाभर चारायला किमान १.३५ डॉलर, हे १९८६ पासून ठरलेलं. २०१९ ते २०२५ दर त्याच तळाला बसून होता. सरकारी लेखापरीक्षकांनी २००४ सालचा हिशेब मांडला तर चराईवर खर्च किमान १४.४ कोटी डॉलर आणि फी जमा २.१ कोटी.

पैशाचं एक वेळ सोडा. मी आयडाहोत बॉयसीला राहतो. दक्षिणेकडे ओवायही काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) उन्हाळ्यात गुरांच्या ओढ्यावर जाऊन बघा. कोरड्या मुलखातली गाय पाणी-सावली सोडून डोंगर चढत नाही, ओढ्यातच ठाण मांडते. काठ खुरांनी ढासळलेले, विलोचे (आपल्या वाळुंजाचा भाऊबंद) कोंब बुडख्यापर्यंत खुडलेले, पाणी पसरट आणि कोमट. थंड पाण्यातला ट्राउट मासा तिथे तगेल कसा?

म्हणून पर्यावरण संघटना खटले भरतात ते योग्यच, असं माझं मत. १९७४ मध्ये कोर्टाने दट्ट्या दिला तेव्हा कुठे हे खातं चराईच्या परिणामांचा जागोजागी अभ्यास करायला लागलं. ओवायहीतले ६८ परवाने नीट अभ्यास न करताच दिले होते, यावर २००२ साली अपील कोर्टानेही शिक्का मारला.

बांधावरचा:
असहमत. फी स्वस्त म्हणताना अर्धंच सांगितलंत. खासगी कुरण भाड्याने घेतलं की बहुतेक वेळा कुंपण नि पाणी मालक बघतो. सरकारी रानात तारा ओढणं, पाण्याच्या टाक्या, भटकलेली गुरं हुडकणं, बरंचसं रँचरच्याच (रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी शेती, तिच्या मालकाच्या) गळ्यात. शिवाय त्याने रँच घेतली तेव्हा परवान्याची किंमत त्या भावात धरलेली होती. परवाना कापलात की तो पाण्याजवळची स्वतःची जमीन बिल्डरला विकून मोकळा. मग घ्या बंगले, ओढ्याकाठी!

कायद्याचं_बोला:
परवाना म्हणजे सातबारा नव्हे. १९३४ चा टेलर ग्रेझिंग (चराई) कायदाच तसं सांगतो, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रँचर संघटनांचं म्हणणं फेटाळलं. त्यावर कुणी जास्त भाव मोजला असेल तर तो त्याचा प्रश्न.

पण धागाकर्त्यांनी पुढचा अंक गाळलाय. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवलं गेलं. मुदत संपलेला परवाना, अभ्यास झाला नसला तरी, जुन्याच अटींवर पुढे चालू. (संरक्षणाचा नि गायीचा संबंध काय, ते विचारू नका.) म्हणजे कोर्टाने सांगितलं अभ्यास करा, आणि संसदेने सांगितलं, नाही जमला तरी चालेल.

माळरान:
आमच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने चराईबंदी नि कुऱ्हाडबंदी केली ती ग्रामसभेत. कोर्टाचा बेलीफ नोटीस घेऊन आला असता तर लोकांनी रात्रीतून गुरं घातली असती. आणि तिथे नुसती बंदी नव्हती. गवत कापून न्यायला मुभा होती. जनावराला चारा मिळाला म्हणून बंदी टिकली.

ओढ्याकाठी:
हिवरे बाजारात रानही गावाचं नि गुरंही गावाची. इथे रान ३४ कोटी लोकांचं आणि गुरं मूठभर परवानाधारकांची. ग्रामसभा भरवायची कुठे?

बांधावरचा:
भरली होती की, तुमच्याच ओवायहीत! रँचर, काउंटीची माणसं आणि काही पर्यावरण संघटना एका टेबलावर बसल्या, आणि त्यातून २००९ चा कायदा आला. सुमारे ५.१७ लाख एकर कायमचं राखीव. त्या पट्ट्यात ज्याला परवाना सोडायचाय त्याने सोडावा, तिथली चराई कायमची बंद.

उलट नेवाडात बघा. क्लाइव्हन बंडी नावाच्या रँचरने १९९३ पासून फी भरली नाही. गुरं काढा हा कोर्टाचा आदेश १९९८ चा. २०१४ मध्ये अधिकारी गुरं धरायला गेले तर समोर बंदूकधारी उभे राहिले आणि धरलेली गुरं सोडून द्यावी लागली. पुढे खटलाही २०१८ मध्ये निकालात निघाला, कारण सरकारी वकिलांनी पुरावे दडवले होते. घ्या तुमचं कोर्ट.

आणि गुरं काढली की वाळकं गवत साठून वणवे लागतात, ते वेगळंच.

कायद्याचं_बोला:
ते रँचर टेबलावर हौसेने आले होय? खटल्यांचा धाक होता म्हणून आले.

ओढ्याकाठी:
वणव्यांबद्दल: पेटतं ते मुख्यतः चीटग्रास, बाहेरून आलेलं गवत. ते पसरलं कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेसुमार चराईने मूळची झुपकेदार गवतं खलास झाली होती. वसंतात ते हिरवं असताना नेमकं चारलं तर इंधन कमी होतं, हे मान्य. पण परवान्यावर तारखा छापलेल्या असतात, त्या पावसाला विचारून ठरत नाहीत. ओरेगॉनच्या हार्ट माउंटन अभयारण्यातून १९९० च्या सुमारास गुरं काढली. दोन दशकांनी त्याच जागांवरून फोटो काढले तर उघडी माती जवळजवळ ९० टक्क्यांनी घटलेली. तिथे कुणी विलो लावायला गेलं नव्हतं.

माळरान:
मग सरळ पैसे मोजून परवाने सोडवा ना. भांडण कशाला?

ओढ्याकाठी:
संघटना तयार आहेत. पण कायमची बंदी घालायची सोय कायद्याने मोजक्याच भागांत दिलीय. बाकी ठिकाणी एकाने पैसे घेऊन परवाना सोडला, तरी खातं उद्या तीच जागा दुसऱ्याला देऊ शकतं. सगळीकडे ही सोय करणारं विधेयक संसदेत पुनःपुन्हा येतं नि धूळ खात पडतं. बांधावरचा, तुमच्या रँचर मंडळींना त्याला पाठिंबा द्यायला सांगा. मग खटले थांबवा म्हणणाऱ्या अर्जावर पहिली सही माझी.