वॉर्डातला शुगर चार्ट गूगल शीटवर घ्यायचाय, कसा बसवावा?

प्रश्न: वॉर्ड_इनचार्ज
सोलापुरात ४० खाटांचं हॉस्पिटल. कधीही बघा, दहा-बारा पेशंट इन्सुलिनवर असतात. शुगर कागदावर लिहून फोटो डॉक्टरांना व्हॉट्सअॅप करतो. फोटो इतर मेसेजखाली गाडला जातो, ऑर्डर येईपर्यंत जेवण होऊन गेलेलं असतं. मोठ्या सॉफ्टवेअरचं बजेट नाही. शीटवर जमेल का? आणि दंडावरच्या सेन्सरने बोटाला टोचणं बंद करता येईल का?

उत्तर: चार्टवाली_सिस्टर
जमतं. पण ताई, तुमची अडचण वेळेची आहे. नुसती शुगर शीटवर चढवली तर ती तशीच राहील. एका ओळीत तीन वेळा हव्यात: शुगर कधी तपासली, इन्सुलिन कधी टोचलं, जेवण कधी समोर आलं. तिसरी वेळ बहुधा कुठंच लिहिली जात नाही. साडेबाराला शुगर २१०, पावणेएकला रेग्युलर इन्सुलिन, आणि डबा अजून अक्कलकोटच्या एसटीत. दोन वाजता भाकरी मोडेपर्यंत शुगर उतरून पेशंटला दरदरून घाम सुटलेला असतो.

म्हणून ‘डबा आला’ असा रकाना ठेवा. तो भरल्याशिवाय जेवणाआधीचा डोस द्यायचा नाही. रेग्युलर अर्धा तास आधी द्यावं लागतं. डब्याचा भरवसा नसेल तर डॉक्टरांना लिस्प्रो किंवा अ‍ॅस्पार्ट या लवकर काम करणाऱ्या इन्सुलिनबद्दल विचारा. ते ताट समोर आल्यावर देता येतं, आणि पेशंट किती खाईल याची खात्री नसेल तर जेवण उरकल्याबरोबर, खाल्लं असेल त्या मानाने.

नोंद थेट शीटमध्ये नको, गूगल फॉर्ममधून घ्या. आयपीडी नंबर (भरती झाल्यावर पेशंटला मिळतो तो) आधीच भरलेली लिंक बनवता येते. तिचा क्यूआर पेशंटच्या मनगटाच्या पट्टीवर लावा, फायलीवर नको, फायलींची अदलाबदल होते. खाट क्रमांक तर वापरूच नका. ७ नंबरचा पेशंट आयसीयूत हलला की त्याच्या आकड्यांखाली नव्या पेशंटचे आकडे सुरू होतात. फॉर्म स्वतःहून टाकतो ती पाठवल्याची वेळ असते, त्यामुळे तपासल्याची वेळ वेगळी विचारा.

आकड्याला २० ते ६०० ही मर्यादा घाला, म्हणजे १८० चे १८०० होणार नाहीत. मीटरने आकड्याऐवजी ‘हाय’ किंवा ‘लो’ दाखवलं तर त्यासाठी वेगळा पर्याय हवा, नाहीतर कुणीतरी ६०० लिहून मोकळं होतं. ‘हाय’ आलं की लॅबला नमुना आणि कीटोन (इन्सुलिन फार कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) तपासणी.

बहुतेक पेशंटना १४० ते १८० हे लक्ष्य धरतात. ७० खाली लाल रंग लावा, पण शीट उघडली तरच तो दिसतो. लाल आली की फोनच करायचा, आणि फोन लागेपर्यंत थांबायचं नाही: गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, येत नसेल तर वॉर्डाच्या ठरलेल्या ऑर्डरप्रमाणे शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन). १५ मिनिटांनी पुन्हा शुगर.

उत्तर: लॅब_टेबल
सेन्सरने टोचणं कमी होईल, बंद होणार नाही. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. शुगर झपाट्याने बदलत असेल तर पाच ते पंधरा मिनिटं मागे राहतो. पेशंट त्याच दंडावर झोपला तर खोटी ‘लो’ दाखवतो. बीपी पडलेल्या किंवा अंगावर सूज असलेल्या पेशंटमध्ये त्यावर विसंबू नका. माहितीपत्रकात वेगळं लिहिलं नसेल तर एमआरआयआधी काढायचा. डोस ठरवताना बोटाचीच शुगर धरा. रात्री शुगर कुठल्या दिशेला चाललीय ते मात्र त्याच्या स्क्रीनवरच्या बाणावरून छान कळतं.

मीटरही सांभाळा. स्ट्रिपच्या डबीवर बहुधा ३० अंशांपर्यंतच ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खिडकीतल्या ट्रेवर डबी नको, झाकण उघडं तर मुळीच नको. डाळिंब सोललेल्या बोटाची शुगर खोटी चढते. अशा वेळी नुसत्या स्पिरिटवर भागवू नका, साबणाने हात धुवून कोरडे करा. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तरी मीटर जास्त दाखवू शकतो, तिथे लॅबशी पडताळा.

उत्तर: आयसीयू_नाईट
‘युनिट’शेजारी ‘कुपी की पेन’ हा रकाना सक्तीचा करा. कुपी बहुधा ४० ची (एका मि.ली.त ४० युनिट), इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज १०० चं. पेन चालेना म्हणून ४० च्या सिरिंजने कार्ट्रिजमधून १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर २५ युनिट जातात! शिरेतून हळूहळू इन्सुलिन देणाऱ्या पंपासाठी ५० मि.ली.त ५० युनिट करताना ४० च्या कुपीतून १.२५ मि.ली. लागतं, १०० च्या कुपीतून ०.५. इन्सुलिन नळीच्या प्लॅस्टिकला चिकटतं, म्हणून जोडण्याआधी सुमारे २० मि.ली. नळीतून वाहू द्या.

डोसचं सूत्र शीटमध्ये घालणार असाल तर वय आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) भरल्याशिवाय उत्तर येऊ देऊ नका. ६० किलोचा, जेवणारा, शुगर २६० असलेला पेशंट: किलोला ०.५ युनिटने दिवसाचे ३०, त्यातले १५ लांब पल्ल्याच्या (दिवसभर काम करणाऱ्या) इन्सुलिनचे, बाकी जेवणाआधी ५-५-५. तोच पेशंट सत्तरीपुढचा किंवा किडनीचा असेल तर ०.३ ने १८ च. सही डॉक्टरांचीच.

वॉर्ड_इनचार्ज
आभार. आणि नेट गेलं तर?

चार्टवाली_सिस्टर
खाटेजवळचा कागद काढू नका, मूळ नोंद तीच. नेट आलं की तपासल्याची खरी वेळ टाकून भरा, ‘उशिरा’वर टिक करा. शीटवर नाव नको, फक्त आयपीडी नंबर. शेअरिंग ठरलेल्या ईमेलपुरतं ठेवा, लिंक मिळेल त्याला उघडता येईल असं नको. डिस्चार्ज झालेल्यांच्या ओळी रोज रात्री दुसऱ्या पानावर हलवा.